कोठीतला गोटा

माझी आजी नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटपर्यंत वस्तीत ‘देव लपवणारी’ म्हणून ओळखली गेली. हे नाव तिला मी चिकटवलं.

छप्पन सालची गोष्ट. पुलगावहून गाडीत बसून आजी नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन परतली, ती पांढरं लुगडं नेसूनच. आल्याबरोबर देव्हारा तिनं स्वतःच्या हातानं रिकामा केला. “आता कोनाच्या पाया पडाचं नाई,” म्हणाली. वस्तीतले देव टोपलीत गोळा करून नदीत सोडायचं ठरलं, आणि दहा वर्षांची मी त्या कामात सगळ्यांच्या पुढे. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. आजीनं आयुष्यभर पुजलेले देव इतक्या चटकन कसे सोडले, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलं. म्हणून मी आमचंच घर धुंडाळलं. ज्वारीच्या कोठीत हात घातला तर फडक्यात गुंडाळलेला, तेल-हळदीनं पिवळा पडलेला गोल गोटा सापडला.

तो घेऊन मी पळत माणसांत गेले. बाया कापूस वेचायला गेल्या होत्या, जमलेले सगळे पुरुषच. “आजीनं देव लपवला!” मी ओरडले. आजीला बोलावलं गेलं.

“काऊन वं माय, नागपूरले जाऊन आली ना तू? मंग हे काय?” एका वडीलधाऱ्यानं विचारलं.

आजीनं गोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोक्यावरचा पदर नीट केला. “चुकलं बापा,” ती म्हणाली. “टाकून द्या नदीत.”

मी स्वतः टाकला. लोकांनी माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी आई वेचणीवरून आली आणि ऐकून कपाळाला हात लावून बसली. “अवं, देव कायचा! शेकाचा गोटा होता तो. आठ बाळंतपनं झाली आजीची, दर येळी तोच चुलीत तापवून पोट शेकलं तिनं. तुह्या आत्यायचंबी.” मग आजीकडे वळून, “तुमी काऊन नाई बोलल्या?”

“पोरगी येवढ्या लोकायमंदी खोटी पडली असती,” आजी भाकरी थापत म्हणाली. “मी बुढी, मले काय होते?” आणि कोणाला सांगायचं नाही, असं तिनं आईकडून वचन घेतलं.

तिला काय झालं ते मी पाहिलं. वंदनेला ती सर्वांच्या आधी यायची, पण जागा मागे घ्यायची. सणासुदीला कोणीतरी हटकून विचारायचं, “आजी, कोठीत आज कोन हाये?” ती हसायची. मी तिथंच असायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी मोठी झाले, शाळेत मास्तरीण झाले, पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या.

आजीच्या शोकसभेत एक म्हातारे उठून म्हणाले, “बाई सोन्यासारखी. पन तिचा कोठीतला देव काई सुटला नाई.” सगळे मायेनं हसले. मग मला उभं केलं. मी तिच्या कष्टांवर चांगली दहा मिनिटं बोलले, लोकांनी डोळे पुसले. समोर आई बसली होती, माझ्याकडे टक लावून. तिच्या तोंडाला वचनाचं कुलूप होतं. माझ्या तोंडाला काहीच नव्हतं.