डावीकडची जागा

२०१४ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो, आणि इकडं आखातात, मुसफ्फाच्या यार्डात पहिल्याच सकाळी त्यानं मला आपल्या शेजारून बाजूला केलं. ओरडला नाही, ढकललं नाही. डावा हात सरळ खांद्याच्या रेषेत उचलला, बोटं माझ्या दंडाला टेकवली आणि म्हणाला, "इधर आदमी है."

मी बघितलं. आदमी कुठला, तिथं सिमेंटवर ग्रीसचा एक डाग होता.

आमच्याकडं रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करत. क्रेन कुठं चालणार, उंचीवर कोण चढणार, ते सेफ्टीवाला वाचून दाखवी. त्या रांगेत हा ऑस्ट्रेलियाचा गोरा म्हातारा कायम उजव्या टोकाला, आणि त्याच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी. आता मोकळी जागा दिसली की आपली माणसं ती भरणारच, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोणी नवा बिहारी हेल्पर तिथं घुसे. की हा एक पाऊल उजवीकडं. दुसरा घुसे, की आणखी एक पाऊल. एकदा तर सरकत सरकत तो ऑफिसच्या पत्र्याच्या भिंतीला जाऊन चिकटला, आणि तिथूनच मान वाकडी करून सेफ्टीवाल्याचं ऐकत राहिला. पण जागा सोडली ती सोडलीच.

काहीजण म्हणत, त्याच्यावर कुणाची तरी सावली आहे. सेफ्टीवाला पुण्याचा, जिभेला धार. एका सकाळी सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "सर, आदमी है तो उसका हेल्मेट कहाँ है? बिना हेल्मेट मैं किसी को खड़ा नहीं करता."

सगळी रांग हसली. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. दुसऱ्या दिवशी येताना एक जास्तीचं पांढरं हेल्मेट घेऊन आला आणि त्या जागेवर ठेवलं. सेफ्टीवाल्यानं हातातला कागद वाचायला घेतला. पण यार्डात जमिनीवर ठेवलेलं हेल्मेट किती टिकणार? आठवडा झाला नसेल, कुणीतरी लांबवलं.

तेव्हा मीच त्याला म्हणालो, "बाबा, हमारे गाँव में एसटी की सीट पकडनी हो तो खिडकी से रुमाल डालते हैं. रुमाल पडा तो खलास. कोई नहीं बैठता."

"कोई नहीं?"

"झगडा करेगा, पर रुमाल नहीं उठाएगा."

त्यानं यावर बराच विचार केला. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर निळ्या चौकड्यांचा रुमाल, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक मोठा नट. तुम्हाला सांगतो, त्यानंतर तिथं कोणी पाय ठेवला नाही. हिंदुस्थानी नाही, पाकिस्तानी नाही, बंगाली नाही. ज्याला रुमाल कळतो त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही.

त्याला मी बाबा म्हणायचो. साहेब म्हणायची मला सवय नाही, मॅनेजरलाही मी कधी म्हटलं नाही. माझ्याहून तो वयानं मोठा, म्हणून बाबा. तो मला मेट म्हणायचा, म्हणजे दोस्त, पण तो काय, अरबी मालकालाही मेटच म्हणायचा.

त्याचं काम वेल्डिंग तपासायचं आणि माझं काम त्याला पोचवायचं. आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही रुवैसच्या रिफायनरीकडं जायचो. अंधारात निघायचं, दोन्ही बाजूंना वाळू, मधे रस्ता. इकडच्या गाडीत ड्रायव्हर डावीकडं बसतो. म्हणजे बघा, ज्या बाजूला तो कुणाला उभं राहू देत नव्हता, त्या बाजूला गाडीत रोज मी.

एकदा म्हटलं, "बाबा, आपके आदमी की जगह तो मैं बैठा हूँ."

तो काचेतून पुढं बघत म्हणाला, "गाडी में ड्यूटी है. चलता है."

रस्त्यावर एका पंपाजवळ आम्ही चहाला थांबायचो. तिथं एका सकाळी मी विचारलं, हा आदमी आहे तरी कोण. त्यानं माझ्या हातातली खजुराची पुडी घेतली आणि गाडीच्या बॉनेटवर खजूर मांडायला लागला. एकाला एक लावून, सरळ रांग. हिंदी त्याची यार्डातली, इंग्रजी माझी तशीच, पण खजूर दोघांनाही कळत होते.

ही पलटण, म्हणाला. पायदळ. पहिल्या मोठ्या लढाईतली. एका भागातली सगळी माणसं, एकाच आगगाडीतून भरतीला आलेली. समुद्रकिनाऱ्यावर महिनोन्‌महिने लढली, अर्धीअधिक गेली. उरली ती इजिप्तच्या वाळूत आणून ठेवली. अशाच वाळूत, त्यानं हातानं दाखवलं. मग वरून हुकूम आला, नव्या पलटणी पाहिजेत. नवी माणसं खूप आलीत, पण त्यांना शिकवायला जुनी पाहिजेत. म्हणून प्रत्येक जुन्या पलटणीचे दोन भाग करा. अर्धे इथं राहतील, अर्धे नव्या पलटणीत जातील.

असं म्हणून त्यानं रांगेतले अर्धे खजूर उचलले आणि बॉनेटच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले.

"हमारे में इसको वाटणी बोलते हैं," मी म्हणालो.

"वाटणी," त्यानं शब्द तोंडात घोळवला. "तुम लोग रोता है वाटणी में?"

"रोते हैं. कोर्ट में भी जाते हैं."

"वो भी रोया," तो म्हणाला. "बडा बडा आदमी. किनारे पर नहीं रोया, उधर रोया."

त्याचा आजोबा आणि आजोबाचा धाकटा भाऊ एकाच पलटणीत होते. परेडला धाकटा नेहमी थोरल्याच्या डाव्या हाताला. वाटणीत धाकटा नव्या पलटणीत गेला. दंडावर कापडाची दोन रंगांची पट्टी असायची. नव्या पलटणीलाही रंग तेच दिले. जुन्यांची पट्टी आडवी, नव्यांची उभी, एवढाच फरक, घर एकच असल्याची खूण. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये नव्या पलटणीच्या पहिल्याच लढाईत धाकटा गेला. थोरला दुसऱ्या आघाडीवर होता, त्याला कळायला किती दिवस लागले कोण जाणे. त्यानंतर परेडला हवालदार ओरडला, जागा भरा, सरका. आजोबा सरकला नाही. शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशीही सरकला नाही.

लढाई संपल्यावर गावी दर वर्षी एप्रिलमध्ये, पलटण किनाऱ्यावर उतरली त्या तारखेला, पहाटे त्या दोन्ही पलटणींची माणसं जमत. आजोबा उभा राही, डावीकडची जागा सोडून. पुढं त्याचा मुलगा. आता हा. ह्याला मूलबाळ नाही. बायको कधीच सोडून गेलेली, का ते मी विचारलं नाही. तिकडं गावी त्या पहाटेला माणसं येतात, म्हणाला, पण ही जागा कुणाची ते आता कुणालाच ठाऊक नाही. तिथली पोरंही जागा भरून टाकतात.

मग मला विचारलं, "तुम्हारे घर में कोई गया था? लढाई में?"

गेला होता. माझ्या बापाचा बाप. आमचं गाव साताऱ्याकडं, घरटी माणूस पलटणीत. माझा बाप पाळण्यात होता तेव्हा आजोबा बोटीत बसून बसऱ्याकडं गेला, तो परत आला नाही. म्हणजे बघा, ते बसरा ह्याच आखाताच्या वरच्या टोकाला. आमच्या चावडीजवळ सरकारनं बसवलेला एक दगड आहे. या गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर आहे.

"नाम?" तो म्हणाला.

"नाम नहीं है. गिनती है."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "एक भी नाम नहीं?"

"नहीं."

मला त्याचा चेहरा आवडला नाही. कुणी माझ्याकडं कीव करून बघितलेलं मला खपत नाही. मी म्हटलं, यल्ला बाबा, उशीर होतोय. बॉनेटवरचे खजूर त्यानं गोळा केले, दोन्ही ढीग एकत्र करूनच पुडीत टाकले.

त्या वाटणीला शंभर वर्षं झाली त्या वर्षी एप्रिलमध्ये, ती पहाट यायच्या आदल्या दिवशी, परतीच्या रस्त्यावर तो म्हणाला, "मेट, मेरे बाद वो जगह तुम पकडेगा?"

मी गाडी चालवत राहिलो. मग सांगितलं, माझ्या आजोबासाठी मी कधी उभा राहिलो नाही, तुमच्या आजोबाच्या भावासाठी कशाला राहू? आमचे लोक तुमच्या राजासाठी मेले, त्यांचा दगडावर आकडा झाला. तुमचं तुम्ही बघा. यातलं अर्धं हिंदीत बोललो, अर्धं रागात मराठीत. जे बोललो त्यात आजही मला काही खोटं दिसत नाही.

तो म्हणाला, "ठीक बात है." बरंच अंतर गेल्यावर विचारलं, "दादा का नाम क्या था?"

"धोंडी."

दुसऱ्या दिवशी पहाटे रुवैसच्या वाटेवर त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली. दर वर्षी लावायचा. मी आतच बसायचो, तंबाखू मळत. तो वाळूत थोडा पुढं गेला, रुमाल अंथरला, त्याच्या उजवीकडं ताठ उभा राहिला. वय झालेलं, वाऱ्यात शर्ट फडफडत होता. पूर्वेकडं उजेड फुटला तशी त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. पाठ होती त्याला. एक जुन्या पलटणीतलं, एक नव्या पलटणीतलं, पुन्हा एक जुन्यातलं. बॉनेटवर वाटलेले खजूर एकेक करून परत रांगेत लावावेत, तसं.

मला वाटलं संपलं. तर तो थांबला, श्वास घेतला आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "धोंडी. सातारा."

उच्चार काही धड नव्हता. पण माझ्या बापानं हे नाव उभ्या जन्मात कधी एवढ्या मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आजीनं तर घेतलंच नसतं.

मी गाडीतून उतरलो. पाय आखडले होते. गाडीच्या पलीकडच्या अंगाला, त्याला दिसणार नाही असा उभा राहिलो, तो रुमाल उचलेपर्यंत.

त्यावर आम्ही दोघंही पुन्हा बोललो नाही. जागेचंही त्यानं परत काढलं नाही. त्याच्या फुप्फुसात काहीतरी निघालं आणि २०१८ मध्ये कंपनीनं त्याला घरी पाठवलं. विमानतळावर मीच सोडलं. एक सूटकेस, एवढाच पसारा. काचेच्या दाराशी तो म्हणाला, "मेट, जगह?"

मी म्हणालो, "बघू."

इतक्या वर्षांत त्याला हा शब्द कळायला लागला होता. हो पण नाही आणि नाही पण नाही. "इन्शाल्ला?" त्यानं विचारलं.

"इन्शाल्ला नाही. बघू."

तो हसला. आत गेला. सामानाच्या रांगेत उभा राहिला तेव्हाही डावा हात किंचित बाहेर होता.

त्याच वर्षी मीही काम सोडलं. आता इकडंच मुलाकडं राहतो, अल कुसैसला. मुलगा आणि सून सकाळी ऑफिसला जातात, नात शाळेत. ती मला मराठीत विचारते, जेवलात का, एवढंच. बाकी सगळं इंग्रजीत. दिवसभर मी खिडकीतून पार्किंग बघतो. कुणाच्या गाड्या आहेत, कोण कुठली जागा धरतो, सगळं मला पाठ झालंय. सांगायला कोणी नाही.

या वर्षी यार्डातल्या जुन्या मलबारी टाइमकीपरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "चाचा, वो इधर-आदमी-है वाला साहब खलास हो गया. ऑफिस में ईमेल आया."

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अण्णा, तुमचे इतके चांगले होते का संबंध?"

"नव्हते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन शाळेच्या बसला खाली उतरलो. बिल्डिंगच्या दाराशी पोरांच्या आया रोजच्यासारख्या रांगेत उभ्या. मी रांगेच्या उजव्या टोकाला गेलो, डावा हात खांद्याच्या रेषेत उचलला, माप घेतलं, आणि खिशातला रुमाल फरशीवर अंथरला. वर घराच्या किल्ल्या ठेवल्या.

शेजारची तमिळ बाई वाकून म्हणाली, "अंकल, आपका रुमाल गिर गया."

"गिरा नहीं," मी म्हणालो. "इधर आदमी है."

नातीनं रुमालाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आजोबा, देअर्स नोबडी देअर."

"आहे," मी म्हणालो.

बस आली, नात चढून गेली. बायका पांगल्या. मी हात अंगालगत घेतले, ताठ उभा राहिलो आणि बाबाचं नाव मोठ्यानं घेतलं. ते इथं मी मुद्दाम लिहिलं नाही, ते बसून लिहायचं नाव नाही. त्याच्या मागून म्हणालो, धोंडी, सातारा. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. मी किल्ल्या उचलल्या. रुमाल तिथंच ठेवून वर आलो.