पलीकडच्या कंपनीचं पावणं

सर्जेराव मगदुमांनी माझ्या कंपनीचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. कंपनी म्हणजे माझ्या संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाची. सर्जेरावांच्या लेखी जगात कार्डं बनवणाऱ्या कंपन्या दोनच, एक त्यांची आणि एक ‘पलीकडची’. जुन्या बायका नवऱ्याचं नाव आदरापोटी टाळायच्या, सर्जेराव हे नाव तोंड विटाळू नये म्हणून टाळायचे. उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात मी पहिल्यांदा खुर्चीवर टेकलो, तेव्हा त्यांनी माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, कार्ड कोणतं घेणार ते विचारलं. मी सांगितलं. शेजारच्या टेबलावरून ते म्हणाले, “म्हंजे तुमी पलीकडचं. असू दे, असू दे. बसा पावणं.”

अनोळखी माणसाला पावणं म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. पण पुढे वर्षानुवर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून राहिली. डबे एकत्र उघडले जायचे, त्यांच्या घरचा खर्डा माझ्या भाकरीवर यायचा, माझ्या घरची आमटी त्यांच्या वाटीत जायची. तरी मी पावणंच राहिलो. मालकांनी कार्डाची निवड ज्याच्या त्याच्यावर सोडली होती, हीच त्यांची चूक झाली असं मला अजूनही वाटतं.

आमचं काम फौंड्रीसाठी पॅटर्नची डिझाइनं करायचं. पंपाची नाहीतर गिअरबॉक्सची ओतीव बॉडी आधी पडद्यावर उभी करायची, सगळ्या अंगांनी फिरवून बघायची, मग पुढचा कारागीर नमुना बनवणार. हे फिरवणं कार्डाच्या जिवावर चालतं आणि कार्डाला चालवतो तो ड्रायव्हर. कंपनी कार्डासाठी जो प्रोग्रॅम देते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो अधूनमधून नवा येतो आणि येताना नवी दुखणी घेऊन येतो. नव्या माणसाला सर्जेराव हे दोन वाक्यांत समजावत. “कार्ड म्हंजे बैल, ड्रायव्हर म्हंजे गाडीवान. ह्या पावण्यांचा बैल दांडगा हाय की, मी कुठं न्हाई म्हंतोय? पर गाडीवान पिऊन पडलाय, त्येला काय करायचं?”

माझा पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, की त्यांना कोण आनंद व्हायचा. “बघा पावणं! खानदानच तसलं!” आणि त्यांचा पडदा काळा झाला, की लाइट कमी-जास्त होत असायची. टेबलाखाली यूपीएस धडधाकट बसलेला असे, माझा पडदा त्याच यूपीएसवर लखलखीत चालू असे, तरीही लाइटच. फार छेडलं तर म्हणायचे, “म्हस बी एकाद्या दिशी लाथ मारती. म्हणून काय लगेच बाजार दावायचा व्हय?”

एकदा त्यांच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि पंपाच्या बॉडीची अख्खी भिंत पडद्यावरून नाहीशी झाली. मॉडेल फिरवलं की भिंत जायची, थांबवलं की यायची. मी खुर्ची सरकवून मुद्दाम तमाशा बघायला बसलो. म्हणालो, “सर्जेराव, ड्रायव्हर.” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “ड्रायव्हरला काय धाड भरलीया? नवी नवरी हाय ती. माणसं बघितली की आत पळती.” जेवण करून, हात धुऊन मी परत आलो तर स्वारी गुपचूप परत जुना ड्रायव्हर टाकत होती. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, “जुना जरा आजोळी गेलता. बोलावून घेतला.”

मला हसू यायचं, पण या माणसाची थट्टा एका मर्यादेपलीकडे करवत नसे. न्हावी एकच, चहाचा गाडा एकच, स्कूटर तर भंगारवाल्यालाही दया येईल अशी. कारखान्यात मंदी आली तेव्हा चांगले चांगले डिझायनर मालकांना सोडून गेले, सर्जेराव गेले नाहीत. “सोयरीक केली की निभवायची,” एवढंच म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच.

अशात त्यांच्या मुलीचं बघायला लागले. ऋतुजा घरांच्या सजावटीची डिझाइनं करते. माझ्या ताईचा मुलगा अनिकेत आजऱ्यात घरी बसून पुण्या-मुंबईच्या लोकांची अॅनिमेशनची कामं करतो. मी स्थळ सुचवलं. पोरं एकमेकांना भेटली, बोलली, दोघांनाही पसंत पडलं. राहिलं होतं ते सर्जेरावांनी आजऱ्याला जाऊन घर बघणं. ताईनं ओल्या काजूची उसळ आणि घनसाळ तांदळाचा भात केला होता. सर्जेराव दोनदा मागून जेवले. मग अनिकेतची खोली बघायला आत गेले. काचेच्या पेटीत त्याचा संगणक झगमगत होता आणि आतल्या कार्डावर पलीकडच्या कंपनीचं नाव ठसठशीत उजळलं होतं. दोघं काहीतरी बोलत राहिले. सर्जेराव बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. निघताना ताईला फक्त “कळवतो” म्हणाले.

लग्नाच्या बोलण्यांत ‘कळवतो’चा अर्थ सगळ्यांना कळतो. ताईचे फोनवर फोन. विलास, पत्रिकेत काही आहे का, शेत कमी पडलं का, आमचं काही बोलणं लागलं का? मला कारण ठाऊक होतं आणि माझं डोकं तापलं होतं. शेवटी एका दुपारी डबा उघडता उघडता मी फटकन बोललो, “सर्जेराव, एका कार्डावरून पोरीचं चांगलं स्थळ घालवणार तुम्ही?”

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. “कार्डावरनं न्हाई ओ पावणं. पोरानं पलीकडचं वापरलं तर मी कोण इचारणार? मी निस्तं म्हटलं, हे का घेतलंस? तर म्हंतोय, काका, तुमचीच कंपनी भारी, म्होरल्या महिन्यात बदलतो. मी अजून फुडं काय बोललो बी नव्हतो! होणाऱ्या सासऱ्याचं त्वांड बघून जो आपलं कार्ड टाकतोय, त्यो उद्या आनि कुणाचं त्वांड बघून माझ्या लेकीला टाकंल. मग मी कुणाच्या दारात जाऊ?” हे बोलणं मला खोटं म्हणता येत नव्हतं.

घरी गेल्या गेल्या अनिकेतला फोन लावला. आधी तो हसला आणि मग घाबरला. म्हणाला, “मामा, ऋतुजानंच शिकवलं होतं. पप्पांनी कार्डाचं विचारलं तर बदलतो म्हण, न्हाईतर आपलं जमायचं न्हाई.” मी म्हटलं, “गाढवा, रविवारी इकडं ये आणि जे खरं आहे ते त्यांच्या तोंडावर सांग.”

रविवारी सर्जेरावांच्या घरी अनिकेत सोफ्याच्या कडेवर बसला. ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी, चेहरा पांढराफटक. पोरानं एकदाचं तोंड उघडलं. “काका, त्या दिवशी खोटं बोललो. ऋतुजाचा शब्द मोडवंना म्हणून बोललो. कार्ड मी बदलणार न्हाई. तुमच्या कंपनीचा ड्रायव्हर माझं काम अर्ध्यात सोडून पळतोय.”

“पळतोय?” सर्जेराव उभेच राहिले. “सेटिंग येत न्हाई तुला, आन ड्रायव्हर पळतोय व्हय?”

“मग नवा आला की तुमी परत जुनाच का टाकताय काका? मामांनी सांगितलंय मला!”

सर्जेरावांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बशीतल्या चिवड्यात मान घातली. त्यानंतर दोघांची जी जुंपली ती विचारू नका. शेजारचे गॅलरीत आले. वहिनींनी आणलेला चहा गार झाला, त्यांनी दुसरा आणला, तोही गार झाला. पोरगं तसूभर मागे हटेना. दारातली ऋतुजा आता ओढणी तोंडावर धरून हसत होती. अखेर सर्जेराव घामाघूम होऊन खुर्चीत बसले आणि आत बघून ओरडले, “अगं, साखर आण! ह्यो गडी काय ऐकणारा न्हाई!”

लग्न थाटात झालं. आता सर्जेराव निवृत्त झालेत. सासरा-जावई सणासुदीला भेटले की पहिला वाद ड्रायव्हरचा होतो आणि पुरणपोळी त्यानंतर. मी सुखात आहे, फक्त शेजारचं टेबल मला अजून सवयीचं होत नाही.

त्या टेबलाकडे बघितलं की लग्नानंतरचा ऑफिसातला पहिला दिवस आठवतो. मी आदल्याच आठवड्यात नवा ड्रायव्हर टाकला होता. काम ऐन रंगात आलं असताना माझा पडदा काळा झाला, थरथरला आणि परत आला. सर्जेरावांनी मान वळवली. आता आपलं खानदान निघणार म्हणून मी कान टवकारून बसलो. त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं, मग वरच्या पंख्याकडे बघितलं.

“इलास,” ते म्हणाले, “लाइट लई कमी-जास्त हुतीया बघ आज.”