शहाण्णव गुंजांची सिंधू

मी वर्गात फळा पुसत होते. दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या सिंधूबाई काल सकाळी गेल्या. चौदा दिवस ताप होता." चौदा दिवस, आणि मला एका ओळीचं पत्र नाही. आज पाच आठवडे झाले, तरी माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात... म्हणोत बापडे.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी सिंधू पहिल्यांदा माझ्याकडे आली. कसबा बावड्याच्या शेतकऱ्याची लेक, हुपरीच्या चांदीवाल्यांच्या घरात दिलेली, नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. तिची तीन वर्षांची मुलगी शालन सासऱ्यांनी ठेवून घेतली होती. म्हातारा दुष्ट नव्हता. "स्वतःच्या कमाईवर पोरीला पोसायला लागलीस की घेऊन जा," असं त्यानं सांगितलं होतं. मास्तरीण व्हायचं तर सातवीची फायनल पास व्हायला हवं, आणि फायनलच्या वाटेत अपूर्णांक आडवे पडलेले. एकदा त्यातच ती नापास झाली होती. म्हणून रोज दुपारी बावड्याहून चालत माझ्याकडे शिकायला यायची.

तिची चूक मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. कसलीही बेरीज दिली तरी बाई छेद शहाण्णवच घेणार. सासरी पैंजणांची चांदी तोलून तिला तीच सवय लागली होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश विचारलं की मी पाटी उचलायच्या आत, "बत्तीस न् चोवीस, छप्पन गुंजा," म्हणून मोकळी. उत्तर बरोबर. पण छेदात पाच आला की गाडं अडायचं. शहाण्णवाचे पाच सारखे भाग केले की एक गुंज उरते, आणि चांदीवाल्याच्या घरात उरलेली गुंज कुणी सोडून देत नाही. ती रडकुंडीला यायची, मी चिडायचे. "अगं, सोड ना तो तोळा," म्हटलं की म्हणायची, "कसा सोडू? तोळा काय आपल्या घरचा हाय व्हय?"

शेवटी एकदा वैतागून मी म्हणाले, "घरचाच समज. दोन्ही छेदांनी पुरता भाग जाईल एवढ्या गुंजांचा तोळा आपणच ठरवायचा. तृतीयांश आणि पंचमांश आहेत ना? मग आज तोळा पंधरा गुंजांचा." तिनं पाटी पुढ्यात ओढली. मग पाच आणि तीन लिहिले, आठ पंधरांश केले. "म्हंजी दोघांना पुरंल असा तोळा धरायचा. एवढंच व्हय? मग आधी का न्हाई सांगितलं?" असं म्हणून माझ्यावरच उखडली. त्या दुपारी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

ती पास झाली. नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यात शाळा मिळाली. पहिला पगार हातात पडला तशी हुपरीला जाऊन शालनला घेऊन आली. म्हाताऱ्यानं शब्द पाळला. पाच वर्षं मायलेकी एका खोलीत राहिल्या. फक्त पाच वर्षं...

तेरावं झाल्यावर मी ती खोली आवरायला गेले होते. शालनचे आजोबा तिला न्यायला आले होते. हात जोडून म्हणाले, "बाई, आता तिला आमच्याबिगर कोण हाय?" 'मी आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण घरी विचारलेलं नव्हतं, सासूबाई काय म्हणतील, लोक काय म्हणतील... मी शालनच्या कपड्यांचं बोचकं बांधून दिलं.

गाडीत बसल्यावर दहा वर्षांची ती पोर खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. फक्त म्हणाली, "मावशी, मला न्यायला आई फायनल पास झाली. तुम्ही तर कवाच पास झालाय की."