हरभऱ्यात हरवलेलं विमान

जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाचा वास आला, की मला लढाईच्या दिवसांतलं लातूर आठवतं. तेव्हा निजामी शाळेत मी नवा, कच्चा ड्रॉइंग मास्तर होतो. हेडमास्तरसाहेबांनी नुमाइशीसाठी, म्हणजे प्रदर्शनासाठी, हातभर लाकडी विमान करून घेतलं आणि बजावलं, "मास्तर, वरून पाहिलं तर रानात दिसू नये असं रंगवा. जमलं तर नोकरी पक्की!" मी पंखांवर मातीचा काळा आणि हरभऱ्याचा हिरवा, असे वेडेवाकडे पट्टे ओढले, कडा बोटानं पुसट केल्या. नुमाइशीच्या आदल्या दिवशी खात्री करायला विमान हरभऱ्यात ठेवलं आणि बांधावरून ऐटीत बायकोला विचारलं, "दिसतंय?" ती म्हणाली, "न्हाई." आणायला गेलो, तर मलाही दिसेना. दोघांनी सगळं रान पालथं घातलं, विमान काही सापडलं नाही. "अहो, लई हुश्शार तुम्ही!" बायको म्हणाली. "आता परातीत मातीसकट हरभरा मांडा, अन् आत विमान हाय म्हणा." मी तस्संच केलं. साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "बहोत खूब! फक्त शेपूट तेवढं दिसून राहिलंय." नोकरी पक्की झाली. आता रिटायर व्हायला आलो, तरी ते शेपूट रंगवताना माझं काय चुकलं, हे मला उमगलेलं नाही.