कागद नसलेला पिवळा मासा

बीडजवळच्या नेकनूरला आले तेव्हा मला मासा कापता येत होता, पाळता येत नव्हता. रायगडच्या किनाऱ्यावर सहावीतून शाळा सोडली आणि आईबरोबर मासळीची पाटी डोक्यावर घेतली, ती लग्न होईपर्यंत. नवरा इकडचा, लांबच्या ट्रकवर चालक. महिन्यातले चार दिवस घरी. शेतातलं काम मला जमेना. खुरपं धरलं की बायका हसायच्या. अशात भांड्यांचं दुकान असलेल्या अप्पांच्या बायकोने, आक्कांनी, मला बोलावून घेतलं.

"समुद्राकडची हायस ना? मंग हे पाणी सांभाळ."

हे पाणी म्हणजे त्यांच्या बैठकीतली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पण आक्कांनी एकदा गोकर्णाला समुद्र पाहिला आणि तो त्यांना घरात हवा झाला. मूलबाळ नव्हतं, अप्पांनी हट्ट पुरवला. माशांना घालायची गोठवलेली कोळंबी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत, वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये. त्याची किल्ली माझ्याकडे. सोमवारी मासेही उपाशी. "शंकराच्या घरात राहत्यात, एक दिस धरू द्या की," आक्का म्हणायच्या.

मी मीठ कालवून झालं की बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, अजून एक मूठ. आक्का मीटर घालून बघायच्या. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. "बया, जीभ हाय का काय ही," असं म्हणून त्या इतक्या हसायच्या की चष्मा काढून पुसावा लागायचा. परक्या गावात माझ्यावर कोणी असं प्रेमानं हसलं नव्हतं.

टाकीत तीन मासे होते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जोडा, त्यांना आक्का नवरा-नवरी म्हणायच्या. आणि एक पिवळाधमक, ताटलीसारखा चपटा. त्याचं नाव हळकुंड.

मग आक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं गेलं. पलंग टाकीसमोर आणला. व्यायाम शिकवायला बीडहून येणाऱ्या बाईंनी सांगितलं, हात त्यांनी आपणहून उचलला पाहिजे, रोज, नाहीतर आखडेल. आम्ही सांगून आक्का उचलायच्या नाहीत. मात्र हळकुंड दगडाआडून बाहेर आलं की उजवा हात चादरीवरून वर यायचा, बोट टाकीकडे. वीतभर का होईना, पण आपणहून. अप्पा रोज दुकान उघडायच्या आधी तेवढं बघून जायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली ती चार तास. इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. टाकीचा हवेचा पंप थांबला, मी हाताने पाणी ढवळत राहिले. जोडा वाचला, हळकुंड गेलं. त्या दिवसापासून आक्कांचा हात उठला नाही.

अप्पांनी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे तसाच दुसरा मासा मागवला. आठवड्याने त्याला फोन लावला आणि मला ऐकायला स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "हा मासा बाहेरच्या देशातून येतो, काका. माझ्याकडे परवाना आहे. तिकडच्या सरकारचा तब्येतीचा दाखला लागतो. इथे उतरला की क्वारंटाइन, ठरलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय मी तो कुणाला देऊ शकत नाही. तुमचा मासा उतरलाय. थांबा."

"थांबतो की," अप्पा म्हणाले.

मला थांबवेना. रोज सकाळी आक्कांची बोटं उघडताना ती कालच्यापेक्षा घट्ट वाटायची. खरंच घट्ट होती की मला भीतीने वाटायची, कोण जाणे. मासे पाळणाऱ्यांच्या फोनवरच्या गटात मी होते. तिथल्या एकाने पिवळ्या माशाचा फोटो टाकला. बँकॉकहून बॅगेत घालून आणलेला. दाखला नाही, क्वारंटाइन नाही, रात्रीच्या गाडीने पाठवतो म्हणाला.

मी अप्पांना विचारलं, असा मिळाला तर?

"चोरून आणलेलं जनावर दावणीला बांधायचं न्हाई," ते म्हणाले. "कागदावाल्याचीच वाट बघू."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी त्या माणसाला होय म्हणाले आणि अप्पांना सांगितलं की व्यापाऱ्याचा फोन आला, कागद लवकर सुटले. ज्या माणसाने मला विश्वासाने किल्ली दिली, त्याच्याशी मी खोटं बोलले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवच पावला की गं."

बीडच्या स्टँडवरून थर्माकोलचं खोकं घेतलं, वर ओलं पोतं टाकलं आणि एसटीत मांडीवर धरून आणलं. दारात अप्पा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभे. नवीन बैल घरी आला की करतात तसं त्यांनी खोक्यावरून तुकडा ओवाळून टाकला, उंबऱ्यावर पाणी घातलं. दूध घालायला आलेले धनगर मामा कौतुकाने बघत होते.

"याला कुठं ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"टाकीत. अजून कुठं?"

"जुन्यातच? आमी नवं मेंढरू आणलं की आदी वाघरीभाईर बांधतो पोरी. नाक गळतंय का, खोकतंय का, पंधरा दिस बघायचं. मंगच कळपात."

वाघूर म्हणजे त्यांचं मेंढरं कोंडायचं जाळं. मला हसू आलं. "मामा, समुद्र एकच असतो. सगळे एकाच पाण्यातले."

"मेंढरं बी एकाच रानातली असत्यात की," मामा म्हणाले आणि कॅन उचलून गेले.

आमच्याकडे मासा नवा-जुना नसतो. जाळ्यात एकत्र येतो, पाटीत एकत्र जातो. त्यातला एखादा दुसऱ्याला आजार देईल, हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आणि अप्पा म्हणत होते, घरी आलेल्याला दारात ताटकळत ठेवू नये. आक्कांची नजर खोक्यावर होती. पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवली आणि मी मासा सोडला.

तो दगडाला वळसा घालून समोर आला. चादर हलली. आक्कांचा हात वर आला, वीतभर नाही, छातीपर्यंत. अप्पा भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, खोटं बोलले ते बरंच झालं.

पाचव्या दिवशी नवरीच्या अंगावर पिठाची भुकटी पडल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी ती पंपाच्या धारेत तोंड धरून उभी, धापा टाकत. संध्याकाळी गेली. मग नवरा. मी टाकीवर चादर टाकली तर आक्का घशातून असा आवाज काढू लागल्या की अप्पांनी धावत येऊन ती ओढून काढली. बॅगेतून आलेला पिवळा शेवटी मेला, तळाशी आडवा. आक्कांनी सगळं पाहिलं. पलंग तिकडेच तोंड करून होता ना, आम्हीच तसा लावलेला.

मी अप्पांना स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. सगळं.

"मी पुन्हा न्हाई म्हणलो असतो, म्हणून परत इचारलं न्हाईस. व्हय ना?"

"तुम्ही नाही म्हणाला होतात, अप्पा. तरी केलं."

"कावून केलंस?"

आक्कांची बोटं, एवढंच मी म्हणाले.

त्यांनी मुंबईला फोन लावला. व्यापारी म्हणाला, टाकीत रोग शिरलाय, दीड-दोन महिने एकही मासा सोडू नका. आणि म्हणाला, तुमच्या माशाचे चारच दिवस राहिलेत काका, तब्येत छान आहे, नंतरही सांभाळून ठेवतो.

"दुसऱ्या कुणाला द्या," अप्पा बैठकीतल्या पलंगाकडे बघत म्हणाले. "हिच्या डोळ्यांपुढं आता आणखी काही मराया नको."

त्यांनी मला काढून टाकलं नाही. किल्ली परत मागितली नाही. मी ती आपणहून टेबलावर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर होती. गावाकडे आईला फोन केला की ती विचारते, माणसं बरी आहेत ना गं? बरी आहेत, मी म्हणते, आणि फोन ठेवते.

टाकी आता रिकामी आहे. अप्पा तिचा पंप बंद करू देत नाहीत, त्या आवाजाची आक्कांना सवय आहे म्हणतात. पण आक्का तिकडे बघत नाहीत, भिंतीकडे मान करून असतात. सकाळ-संध्याकाळ मी त्यांचा उजवा हात मनगटाला धरून उचलते, आधी वीतभर, मग छातीपर्यंत, त्या दिवशी आला होता तिथपर्यंत. त्या उचलू देतात. तिथे पोहोचलं की मी थोडं थांबते, पकड हळूच सैल करून बघते. हात खाली येतो.