सांग त्याला, काय काय केलंस

आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज रत्नप्रभाताई बेशुद्ध पेशंटशीही बोलतात. "भैया, करवट बदल रहे हैं," असं सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. नव्या नर्सेस हसतात. मीही हसले होते, मग माझ्या जिभेला तीच सवय लागली.

कोविडमध्ये ताईंचे यजमान गेले, तेव्हा त्या दुसऱ्याच एका हॉस्पिटलच्या दाराबाहेर उभ्या होत्या; आत कुणालाच सोडत नव्हते. तेरावं झालं आणि इंद्रपुरीतल्या घरून पुन्हा ड्यूटीवर हजर. काळीज दगडाचं आहे, म्हणाले लोक. लोकांचं काय जातं बोलायला!

गेल्या महिन्यात मॅनेजमेंटने आमचं मनोबल वाढवायला शिबिर घेतलं. फुगे फुगवा, खोल श्वास घ्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्याच आठवड्यात गौरीचा पेशंट गेला. तुषार, तरणाताठा माणूस. डॉक्टरांनी बाहेर त्याच्या बायकोला, पूजाला सांगितलं. गौरी आमच्यातली सगळ्यात नवी. ती आत त्याच्या पलंगाशीच उभी होती.

"ताई, मेरे से नहीं होगा अब. मी नोकरी सोडतेय. माझंच काहीतरी चुकलं असणार."

ताईंनी समजूत घातली नाही. कोमट पाणी आणलं. "सोड. आधी याला पुसून घेऊ. आणि सांग त्याला, काय काय केलंस."

"तो गेलाय, ताई."

"सांग."

गौरी पुसत राहिली, हुंदके देत बोलत राहिली. "भैया, बीपी गिरा तो मैंने तुरंत डॉक्टर साहब को बुलाया. दवाई दी. छाती दबाती रही, जब तक उन्होंने रोका नहीं." मग थांबली. "उससे पहले आप डर रहे थे ना, तब हाथ पकड़ा था."

कुठेच काही चुकलं नव्हतं. आम्हाला ते माहीत होतं, आता तिने स्वतःच्या तोंडून ऐकलं.

ताईंचा हात थांबला. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "आमच्या ह्यांचा हात कुणी धरला होता का, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही गं."

गौरीने डोळे पुसले आणि सरळ बाहेर गेली. पूजा भिंतीला टेकून खाली बसली होती. गौरी तिच्यासमोर फरशीवर बसली.

"दीदी, वो अकेले नहीं थे. मैं थी. उनका हाथ मेरे हाथ में था."

पूजाने वर पाहिलं. "कौन से हाथ में?"

गौरीने उजवा हात पुढे केला. पूजाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि गालाशी घट्ट धरून ठेवला. तिने सोडेपर्यंत गौरी हलली नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर ड्यूटीला आली.