स्टेशनावरचा डबा

आमच्या स्टेशनासमोर एक भलंमोठं चित्र लावलं आहे. बांधकाम झाल्यावर स्टेशन कसं दिसेल ते त्यात दाखवलंय. लेण्यांसारख्या कमानी, काचेच्या भिंती, हिरवळ, कारंजं. चित्रातल्या माणसांच्या हातात चाकाच्या बॅगा आहेत आणि सगळी कुठल्या तरी लग्नाला निघाल्यासारखी हसतायत. डोक्यावर बोचकं घेतलेलं एकही माणूस त्यात नाही. हातात डबा घेतलेलं तर नाहीच नाही. त्या चित्राखालून जाताना माझ्या डोक्यात तिडीक जाते. बायको म्हणते, "तुम्हाला स्टेशनचं काही नाही, डब्याचं आहे." ती बरोबर बोलते, म्हणून आणखी राग येतो.

तर हा डबा. आमचं मूळ गाव वैजापूरकडे. थोरला भाऊ तिथे शेती करतो, मी इथे शहरात, औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान चालवतो आणि स्टेशनापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर राहतो. वडील गेले, वाटणी झाली आणि विहीर कुणाच्या बांधात जावी यावरून आम्हा दोघांचं जुंपलं. तेव्हापासून बोलणं बंद. सोयऱ्यांच्या लग्नात समोरासमोर आलोच तर तो मांडवाच्या खांबाकडे बघतो आणि मी पंख्याकडे. फोन दोघांकडे आहेत, नंबरही आहेत. बोलणं तेवढं नाही.

पण दर गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने गावाकडून माझ्यासाठी डबा यायचा. बाजरीच्या भाकरी, ठेचा, आणि एका पुडीत आमटीला लावायचं येसराचं पीठ. शहरात हे सगळं मिळतं, हे मला ठाऊक आहे. गावातली एक मावशी गुरुवारी छावणीच्या बाजाराला येते. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता थोड्या शेळ्या आहेत, आणि ती गावरान अंडी, तूप घेऊन येते. गावाजवळच्या रोटेगाव स्टेशनात गाडीत बसताना डबा तिच्या हाती पडायचा आणि इथे उतरल्यावर माझ्या. तो वहिनी पाठवते, भावाच्या चोरून पाठवते, असं मी मनाशी धरून चाललो होतो. म्हणून मावशीला कधी खोदून विचारलं नाही. विचारलं आणि गोष्ट फुटली, तर वहिनीला घरात ऐकून घ्यावं लागलं असतं.

डबे दोन होते, एकसारखे, पितळी कडीचे. भरलेला आला की मागच्या गुरुवारचा मी परत द्यायचा. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत धाडत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामं भांडं परत गेलं की त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी औरंगपुऱ्यातली नानखटाई घालायचो. लहानपणी आम्हा भावांना वडील शहरात आणायचे, तेव्हा हट्टाने घ्यायला लावायचो तीच. आता तो डबाच आमच्यात उरलेला एकमेव धागा होता. तो तुटला तर माझा भाऊ मला उरला नाही, हे मी कुणाशी बोललो नसलो तरी मला पक्कं माहीत होतं.

जुन्या स्टेशनात हे सगळं डोळे मिटून व्हायचं. निजामाच्या वेळची दगडी इमारत, पहिला फलाट, पाण्याच्या नळाशेजारचा खांब. गाडी तिथेच लागायची, मावशी गाडीच्या ठरलेल्या डब्यातून उतरायची, मी त्या खांबाला टेकून असायचो. बाहेर लिंबाखाली चहाची टपरी होती, तिथे आम्ही अर्धा अर्धा कप घ्यायचो आणि ती छावणीची रिक्षा पकडायची. ते स्टेशन काही देखणं नव्हतं. संडासाकडून जाताना श्वास रोखावा लागायचा आणि पावसाळ्यात छत कुठे गळेल याचा नेम नव्हता. ते बदलायलाच हवं होतं, हे मीही चार लोकांत मान हलवून मान्य करत आलो आहे.

मग पत्रे लागले. निळे, उंच पत्रे, सगळीकडून. टपरी हलली, रिक्षा दुसरीकडे गेल्या, आणि प्रत्येक आठवड्याला आत जायची वाट वेगळी. एकदा तर मी पार्सल ऑफिसकडून आत शिरलो आणि मजुरांच्या चुलीपाशी निघालो. तिथल्या बाईने मला हातानेच बाहेरची वाट दाखवली. माझा नळाजवळचा खांब पत्र्यांच्या पलीकडे गेला होता. त्याचं डोकं तेवढं वरून दिसत होतं. मावशी हसून म्हणाली होती, "भाऊ, तुमचं ठिकाण तर कोंडवाड्यात घातलं की." त्या दिवशी आम्ही पुलाच्या जिन्यापाशी भेटलो आणि पुढेही तिथेच भेटायचं ठरवलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी घोळ झाला. मी नानखटाईचा डबा घेऊन जिन्यापाशी उभा होतो. पलीकडे काँक्रीट फोडायचं यंत्र चालू होतं, कानात बोटं घालावीत असा आवाज. भोंग्यावर काही सांगितलं, पण एक शब्द कळला नाही. थोड्या वेळाने बघतो तर आमची पॅसेंजर पलीकडच्या फलाटावर येऊन उभी. मी पुलाकडे धावलो. माझं वय धावण्याचं नाही आणि पूल लांब आहे. समोरून मंडळी येत होती, कुणाची पेटी, कुणाचं पोर. मी खाली उतरलो तोवर फलाट मोकळा झाला होता. त्या बाजूला बाहेर पडायची नवी वाट काढली होती आणि सगळे तिकडून गेले होते. मी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, खिडक्यांतून वाकून पाहिलं. मग नानखटाई घेऊन घरी परत आलो.

वाटलं, होतं असं. पुढच्या गुरुवारी भेटेल. त्या गुरुवारी मी लवकर जाऊन कोणत्या फलाटावर गाडी लागणार ते दोन हमालांना विचारून घेतलं. मावशी उतरली, पण तिच्या हातात डबा नव्हता. मला बघून तिने पदर सावरला, "आज नाय दिला, भाऊ," म्हणाली आणि घाईने निघून गेली. चहाला थांबली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती मला दिसलीच नाही. गाडीतून उतरली असणार, पण कुठल्या तरी दुसऱ्या वाटेने गेली. आता स्टेशनाला वाटा काय कमी आहेत.

माझं कशात लक्ष लागेना. दुकानात कुणी चौरेघी वही मागावी आणि मी दुरेघी काढून द्यावी. वहिनीला बरं नसेल का. भावाला कळलं असेल का. कळलं आणि तो तिला बोलला असेल का. फोन हातात घ्यायचो, नंबर काढायचो, परत खिशात घालायचो. नानखटाई मऊ पडली तेव्हा बायकोने ती शेजारच्या मुलांना वाटली आणि डब्यात नवी भरली. संध्याकाळी दुकान बंद केलं की पाय आपोआप स्टेशनाकडे वळायचे, जणू डबा तिथेच कुठे राहून गेला असावा. त्या चित्रासमोर उभा राहून मी मनातल्या मनात भांडायचो. कमानी काढा, कारंजी काढा, पण माणसाला माणूस कुठे सापडणार ते आधी सांगा.

शेवटी एका गुरुवारी स्टेशन सोडून सरळ छावणीचा बाजार गाठला. मावशी अंड्यांची पाटी घेऊन बसली होती. मला बघून तिचा चेहराच उतरला.

"मावशी, काय झालं ते खरं सांगा," मी म्हणालो. "घरी काही बिघडलं का?"

"घरी काय बिघडायचं. बिघडलं ते मपल्या हातानं," ती म्हणाली. "त्या दिशी तुमी दिसलाच नाई. म्या लई येळ बघितलं. मंग डबा घेऊन इथं आले. दुपारी ऊन असं, अन्न नासायला लागलं. टाकून द्यायला जीव होईना. आमी बाया-बायांनी खाल्लं. आन् खरकटं भांडं कसं द्यायचं, म्हणून नळावर लख्ख घासलं आन् सांजच्याला परत दिलं."

"घासून?"

"व्हय. घासून." तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुमच्या वाटचं खाल्लं, हे कसं सांगावं? शरमंनं तोंड उघडलं नाई. त्यांनी झाकण काढलं, आत बघितलं, आन् एक शब्द बोलले नाईत."

"वहिनी काहीच बोलली नाही?"

"वहिनी?" तिने आता माझ्याकडे पाहिलं. "त्यांचे गुडघे धरलेत, त्या कुठं येतेत स्टेशनावर? दादाच आणून देतेत की डबा. पयल्यापासून."

मी तिथेच पाटीशेजारी खाली बसलो. बाजारात बसायची ती जागा नव्हती, एक शेळी माझ्या पिशवीला तोंड लावत होती. इतकी वर्षं मी त्याच्या चोरून त्याच्याच घरची भाकरी खात होतो, असं समजत होतो. आणि तो दर गुरुवारी गाडीच्या वेळेला, शेतातली कामं टाकून, स्वतः यायचा. त्या माणसाच्या हातात घासलेला रिकामा डबा पडला होता, आणि त्याने त्याचा जो अर्थ घेतला तो मीही घेतला असता. मला रडू आलं. मावशी पाटीवरचं फडकं नीट करत बसली.

"आता येत नाही का तो?" मी विचारलं.

"डबा नाय देत. पर येतेत. गाडीच्या वक्ताला येतेत आन् चहा प्यायला आलो म्हणतेत."

पुढच्या गुरुवारी पहाटेच्या गाडीने मी उलट्या दिशेला, रोटेगावला निघालो. मांडीवर नानखटाईचा डबा. दौलताबाद गेलं, लासूर गेलं, आणि सगळ्या वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. विहिरीचं काढायचं की नाही, माफी आधी की कारण आधी. उतरलो तेव्हा त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

तो स्टेशनाबाहेरच्या चहाच्या हॉटेलापुढे बाकड्यावर बसला होता. मोटरसायकल शेजारी. केस पार पांढरे झाले होते. लग्नांमध्ये मी पंख्याकडे बघत राहिलो, त्यात हे निसटलं होतं. त्याने मला पाहिलं आणि खांबाकडे बघायला तिथे खांब नव्हता. मी जाऊन डबा त्याच्यापुढे बाकड्यावर ठेवला.

त्याने तो उचलला. हातात तोलून पाहिला. मग झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"दादा, तो डबा मी पाठवला नव्हता," मी म्हणालो. "माझ्या हातात पोचलाच नाही. गाडी दुसऱ्या फलाटावर लागली. बांधकाम चालू आहे तिथं. चुकामूक झाली. मावशीनं बिचारीनं घासून दिला."

एक नानखटाई काढून त्याने मोडली आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. आम्ही खाल्ली. लहानपणी तो मोठा तुकडा स्वतःकडे ठेवायचा, आज त्याने तो मला दिला.

"म्या म्हणलं, नातंच सरवलं यानं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या वहिनीला बी सांगितलं नाई. काय सांगणार."

मग त्याने खिशातला रुमाल पसरला, उरलेल्या नानखटाया त्यात ओतून गाठ मारली, आणि रिकामा डबा हातात घेऊन इकडेतिकडे पाहायला लागला. शेवटी हॉटेलवाल्याकडे गेला. परत आला तेव्हा डब्यात मूठभर साखर होती. झाकण घट्ट बसलंय ना, ते त्याने दोनदा दाबून बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला.

लांबून शहराकडे जाणाऱ्या पॅसेंजरचा भोंगा ऐकू आला. बाजाराला निघालेली मावशी फलाटाच्या वाटेवर पाटी उचलून उभी राहिली होती, आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

"येत्या गुरुवारी भाकरी धाडतो," तो म्हणाला. "तिकडं कोणच्या फलाटावर लागती आता गाडी?"

"माहीत नाही, दादा. रोज बदलतं."

"मंग तू हुबा कुठं राहशील?"

"पुलावर राहीन," मी म्हणालो. "मधोमध. जिथं लागेल तिथं उतरीन."

"पुलावर," त्याने मान हलवली. "पर दम लागतो तुला. लवकर जाऊन हुबा राहत जा."